क्लूनीचा मठ नेमका पाडला कुणी?

पुढच्या वर्षी फ्रान्सला जाणाऱ्या एका जोडप्याने विचारलंय: "क्लूनीला एकेकाळी ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं चर्च होतं आणि राज्यक्रांतीत खवळलेल्या जमावाने ते एका रात्रीत जमीनदोस्त केलं, असं ऐकलं. हे खरं का? आणि आता तिथे जाऊन बघण्यासारखं काही उरलंय का?"

चर्च सर्वांत मोठं होतं, हे खरं. एका रात्रीत जमीनदोस्त केलं, हे साफ खोटं. पाडकाम पाव शतक चाललं, तेही रीतसर सौदा करून.

माझं आयुष्य जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीत गेलं. त्यामुळे 'जमावाने पाडलं' हे वाक्य ऐकलं की मला आधी मजुरीचा हिशोब आठवतो. जमाव मूर्तींची नाकं फोडतो, कागद जाळतो, घंटा उतरवतो. तीस मीटर उंचीवरचं दगडी छत खाली आणायला परांची लागते, सुरुंग लागतो, बैलगाड्या लागतात आणि मुख्य म्हणजे निघालेल्या दगडाला गिऱ्हाईक लागतं. क्लूनीला हे सगळं मिळालं. पण ते कसं मिळालं हे कळायला गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल.

बर्गंडीत माकों गावाजवळ ग्रोन नावाची छोटी नदी आहे. तिच्या खोऱ्यात अक्विटेनचा ड्यूक विल्यम याची जमीन होती, शिकारीची आवडती जागा. सन ९१० मध्ये त्याने ती बेनेडिक्टीन पंथाच्या मठासाठी दान दिली. (काही अभ्यासक ९०९ धरतात.) आख्यायिका अशी की पहिला मठाधिपती बेर्नो याने हीच जागा मागितली, तेव्हा ड्यूक कुरकुरला, "तिथे माझी शिकारी कुत्री असतात." बेर्नो म्हणाला, "कुत्री हलवा, तिथे मठवासी आणा. देवाकडे कुणाची रदबदली जास्त चालेल, हे तुम्हीच ठरवा." गोष्ट रचलेली असणार, पण मठाच्या स्वभावाला शोभते. हे लोक नम्र होते, भिडस्त मात्र नव्हते.

खरा मुद्दा दानपत्राचा आहे. विल्यमने त्यात लिहून दिलं की मी स्वतः, माझे नातलग, राजा, बिशप, अगदी पोपदेखील या मालमत्तेला हात लावणार नाही. मठ रोमच्या पीटर आणि पॉल या प्रेषितांच्या रक्षणाखाली राहील आणि दर पाच वर्षांनी रोमला दिव्यांसाठी दहा नाणी पाठवील. मठाधिपती मठवासीच निवडतील. जो हे मोडेल त्याला धरणी गिळो, तो येशूचा घात करणाऱ्या यहूदाच्या पंगतीला बसो. आपल्याकडच्या शिलाहार-यादवकाळातल्या गधेगळी, म्हणजे शापाच्या शिळा, ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. दान मोडणाऱ्याला शाप देण्याची रीत दोन्हीकडे होती, फक्त आपली शिवी जास्त रोखठोक आणि चित्रासकट.

त्या काळात मठ ही स्थानिक सरदाराची खाजगी मिळकत असे. तो आपल्या पुतण्याला मठाधिपती करी आणि उत्पन्न खाई. क्लूनीला हे लागू नव्हतं आणि तिची भरभराट झाली ती मुख्यतः या एका कलमामुळे. दुसरं कारण म्हणजे माणसं. ओदो, मायोल, ओदिलो, ह्यूग असे एकापाठोपाठ एक कर्तबगार मठाधिपती मिळाले आणि ते भरपूर जगलेही. ओदिलोने ९९४ पासून १०४९ पर्यंत मठ सांभाळला, ह्यूगने त्यानंतर थेट ११०९ पर्यंत. दोघांत मिळून एकशे पंधरा वर्षं! मायोलला ९७२ मध्ये आल्प्सच्या घाटात अरब टोळीने पकडलं होतं, मठाने खंडणी भरून त्याला सोडवलं. ह्यूग हा जर्मन सम्राट चौथा हेन्री याचा धर्मपिता. १०७७ मध्ये कानोसाच्या किल्ल्यात सम्राट पोपपुढे माफी मागायला उभा राहिला, तेव्हा मध्यस्थी करणाऱ्यांत ह्यूग होता. हळूहळू शेकडो मठ क्लूनीच्या छत्राखाली आले, इंग्लंडपासून स्पेनपर्यंत.

हे मठवासी दिवसभर करत काय? बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत प्रार्थना, वाचन आणि अंगमेहनत यांची वाटणी आहे. क्लूनीने प्रार्थनेचं पारडं इतकं जड केलं की शेतात जायला वेळच उरेना. तास न् तास स्तोत्रगायन आणि बाकीच्या वेळात मौन. मौनात काम चालावं म्हणून त्यांनी हातांची खूणभाषा बनवली. हात पाण्यातल्या शेपटीसारखा हलवला की मासा, करंगळी ओठाला लावली की दूध, कारण तान्हं बाळ तसं चोखतं. एरवी एवढ्या भारदस्त वाटणाऱ्या मंडळींची ही भाषा मला फार आवडते.

आणि प्रार्थना कुणासाठी? बहुतेक मेलेल्यांसाठी. जमीनदार जमीन देई, मठ त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करी, क्लूनीचं अर्थकारण हे असं होतं. ओदिलोने २ नोव्हेंबर हा सगळ्या मृत भाविकांच्या स्मरणाचा दिवस ठरवला आणि तो क्लूनीच्या मठांतून युरोपभर गेला. वसईत किंवा गोव्यात त्या दिवशी दफनभूमीत मेणबत्त्यांचा जो उजेड दिसतो, त्याचा माग काढत गेलं की माणूस क्लूनीला पोचतो. ही २ नोव्हेंबर तारीख लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

मृतांचा हा व्यवहार शेवटी मठाच्या अंगलट आला. प्रत्येक दिवंगत मठवाशाच्या पुण्यतिथीला त्याच्या नावाने गरिबाला जेवण घालायचं, असा दंडक होता. दोन शतकांत यादी इतकी वाढली की बाराव्या शतकात मठाधिपती पूज्य पिएर याला रोज पन्नासच्या वर पानं वाढू नयेत असा नियम करावा लागला. त्याला भीती होती की मेलेले जिवंतांना घराबाहेर काढतील.

आता चर्चकडे वळू. क्लूनीत एकामागून एक तीन चर्चं झाली. तिसरं ह्यूगने १०८८ मध्ये सुरू केलं. त्याचीही दंतकथा आहे: गुंझो नावाच्या आजारी म्हाताऱ्या मठवाशाच्या स्वप्नात संत पीटर, पॉल आणि स्टीफन आले आणि दोऱ्या लावून त्यांनी आराखडा आखून दाखवला. दोऱ्यांचा हा तपशील कुणा जाणत्यानेच घातला असणार, कारण त्या काळी मोठी इमारत जमिनीवर दोरी-खुंटीनेच आखत. १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन याने मुख्य वेदीचा अभिषेक केला. तो स्वतः क्लूनीत मठवासी राहिलेला. इथून तो क्लेरमोंला गेला आणि तिथे पहिल्या क्रूसयुद्धाची हाक दिली.

बांधकामाचा आवाका पाहा. लांबी १८७ मीटर. मधली मोठी मार्गिका आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन, अशा पाच मार्गिका. दोन आडव्या भुजा, त्यामुळे नकाशा दोन आडव्या दांड्यांच्या क्रुसासारखा. छत सुमारे तीस मीटर उंच आणि संपूर्ण दगडी, लाकडी नव्हे. लाकडी छत जळतं आणि त्याखाली गाणं घुमत नाही. क्लूनीला दोन्ही नको होतं. एवढ्या उंचीवर अर्धनळीसारखं दगडी छत टाकलं की ते भिंतींना बाहेर रेटतं. हा रेटा कमी करायला त्यांनी टोकदार कमान वापरली, गॉथिक शैलीत ती सर्रास होण्याच्या कितीतरी आधी. तरीही ११२५ मध्ये छताचा काही भाग कोसळला. आमच्या धंद्यातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पन्नास फुटांवर जमलेलं गणित शंभर फुटांवर जमेलच असं नसतं आणि त्या काळी ते पडल्यावरच कळे. छत पुन्हा उभं केलं आणि ११३० मध्ये पोप दुसरा इनोसन्ट याच्या हस्ते चर्चचं समर्पण झालं. रोममध्ये सोळाव्या-सतराव्या शतकात संत पीटरचं नवं चर्च होईपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठं चर्च नव्हतं.

पैसा कुठून आला, हे पाहिलं की पुढचा ऱ्हास कळतो. लिऑन-कॅस्टिलचा राजा फर्डिनंड क्लूनीला वर्षाला एक हजार सोन्याची नाणी देई, त्याचा मुलगा सहावा अल्फोन्सो याने ती दोन हजार केली. हे सोनं स्पेनमधल्या मुस्लिम राज्यांकडून आलेल्या खंडणीचं. म्हणजे ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं चर्च बऱ्याच अंशी मुस्लिम दरबारांच्या सोन्यावर उभं राहिलं. तो ओघ आटला आणि मठ कर्जात गेला. पूज्य पिएरला विंचेस्टरचा बिशप हेन्री याच्याकडून उसने घ्यावे लागले. हा हेन्री मूळचा क्लूनीचाच, म्हणून निभावलं.

याच सुमारास टीकाही सुरू झाली. डामडौल सोडून साध्या राहणीकडे जाणाऱ्या सितोच्या पंथातला बर्नार्ड याने ११२५ च्या आसपास मोठमोठी चर्चं, सोन्याने मढवलेल्या वस्तू आणि खांबांवरच्या विचित्र प्राण्यांवर सडकून लिहिलं. मला बर्नार्ड पूर्ण पटत नाही. ज्या तपशिलाने तो ते शिल्प वर्णन करतो त्यावरून त्याने ते बराच वेळ निरखलं असणार. पूज्य पिएरचं मन मोठं होतं. पाखंडी ठरवलेल्या आबेलार या तत्त्वज्ञाला त्याने आसरा दिला. स्पेनला जाऊन कुराणाचं लॅटिन भाषांतर करवून घेतलं, ते ११४३ मध्ये पुरं झालं. खंडन करण्यासाठीच करवलं, हे खरं, पण आधी वाचा मग बोला एवढी रीत त्याने पाळली.

पुढची पाच-सहाशे वर्षं भरभर सांगतो, कारण त्यात भव्य असं काही नाही. मठ राजाच्या हाताखाली गेला. सोळाव्या शतकापासून मठाधिपती नेमला जाऊ लागला आणि तो मठात राहण्याची गरज उरली नाही. गीझ घराण्याचे कार्डिनल, म्हणजे पोपखालचे लाल टोपीवाले धर्माधिकारी, मग १६२९ पासून राजाचा मुख्यमंत्री रिशेल्यू, नंतर त्याच्या जागी आलेला माझारँ. उत्पन्न पॅरिसला, प्रार्थना क्लूनीत. ज्या दानपत्राने सरदाराच्या पुतण्याला दार बंद केलं होतं, त्याच मठात तो पुतण्या लाल टोपी घालून मागच्या दाराने शिरला. धार्मिक युद्धांत १५६२ मध्ये प्रोटेस्टंटांनी मठ लुटला. ती लूट खरी होती, पण चर्च उभंच राहिलं.

आता एक गोष्ट, जी क्लूनीबद्दल बोलताना सहसा कुणी सांगत नाही. मध्ययुगीन क्लूनीचा मोठा हिस्सा पहिल्यांदा पाडला तो मठवाशांनीच. १७५० च्या सुमारास त्यांनी जुनं प्रांगण आणि राहण्याच्या जुन्या इमारती काढून टाकल्या आणि त्या जागी काळाच्या फॅशनप्रमाणे लांबलचक, खिडक्यांच्या सरळ रांगांची नवी इमारत बांधली. जिने रुंद, बाल्कनीला लोखंडी नक्षी. यात दुष्टपणा काहीच नव्हता. जुनं दमट, अंधारं, गैरसोयीचं होतं आणि 'जुनं पाडून नवं बांधू' हे माणसाला पटायला फार वेळ लागत नाही. आपल्याकडच्या किती वाड्यांचं आणि देवळांच्या सभामंडपांचं असंच झालंय ते सांगायला नको.

मग क्रांती आली. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात घेण्याचा ठराव मंजूर केला तो २ नोव्हेंबर १७८९ रोजी. क्लूनीने जगाला दिलेला मृतांचा दिवस! योगायोगच, पण असा की पुराणिकाने रचला असता तर कुणी विश्वास ठेवला नसता. फेब्रुवारी १७९० मध्ये मठवासी पंथच बरखास्त झाले. १७९१ पर्यंत मठ रिकामा झाला. १७९३ मध्ये क्रांतिकारी सैनिकांनी आत नासधूस केली, समाध्या फोडल्या, कागदपत्रांची होळी केली. तुम्हाला सांगितलेली 'जमावाची' गोष्ट एवढ्यापुरती खरी. घंटांचं म्हणाल तर फ्रान्सभर त्या उतरवून नाण्यांसाठी आणि तोफांसाठी वितळवल्या गेल्या. वसईच्या घंटांचं नशीब त्या मानाने बरं, १७३९ नंतर त्या देवळांत टांगल्या गेल्या आणि भीमाशंकरला आजही वाजतात.

पण १७९३ नंतरही चर्च उभंच होतं! छत होतं, मनोरे होते. मृत्युपत्रावर सही झाली ती १७९८ मध्ये. सरकारला पैसा हवा होता, म्हणून राष्ट्रीय मालमत्ता लिलावात निघत होती, आणि क्लूनीचा मठ माकोंच्या व्यापाऱ्यांनी घेतला. त्यांना चर्च नको होतं, त्यांना दगड, शिसं आणि लाकूड हवं होतं. त्यांनी पहिलं काम कोणतं केलं असेल? मधल्या मार्गिकेतून आरपार रस्ता काढला. यातली चलाखी माझ्यासारख्याला लगेच दिसते. रस्ता काढला की इमारतीचे दोन तुकडे होतात, जागेचे भूखंड पाडता येतात, बैलगाडी थेट दगडाशी लागते. आणि मधून भोक पडलेली इमारत कुणी पुन्हा वापरायला मागत नाही. त्यानंतर १८२३ पर्यंत, कधी सुरुंगाने, कधी पहारीने, एकेक मनोरा आणि एकेक कमान विकली गेली. गावातल्या घरांना तयार घडीव दगड मिळाला. नेपोलियनने १८०६ मध्ये इथे सरकारी अश्वशाळा काढली, ती चर्चच्याच जागेच्या काही भागावर, चर्चच्याच दगडांनी. ड्यूकची कुत्री हलवून मठवासी आले होते, नऊशे वर्षांनी मठवासी हलवून घोडे आले.

मग पाडला कुणी? नाव एकाचंच घ्यायचं तर मी सरकारी लिलावाचं घेईन. त्याच्या आधी गैरहजर मठाधिपतींनी मठाला अनाथ केलं होतं, हेही खरं. १७९८ मध्ये 'हे आमचं आहे' म्हणून आडवं पडायला पुरेसं वजन असलेलं कुणी उरलंच नव्हतं. आपल्या जवळचं उदाहरण जुन्या गोव्यातलं. पोर्तुगालने १८३४ मध्ये पंथ बरखास्त केले, ऑगस्टिनियन मठवासी गेले, मठ ओस पडला आणि १८४२ मध्ये त्यांच्या चर्चचं छत कोसळलं. मनोऱ्याचा निम्मा भाग विसाव्या शतकात पडला. तिथे कुणी सुरुंगही लावला नाही. गळकं छप्पर आणि मुळं, एवढ्यावर भागलं.

दगड गेला तरी कागद बऱ्यापैकी वाचला, हा क्लूनीचा उलटा न्याय. क्रांतीच्या आधीची वीसेक वर्षं लांबेर द बारिव्ह नावाचा एक वकील सरकारसाठी मठाच्या दफ्तरातली दानपत्रं नकलून घेत बसला होता. मूळ कागद जळाले, तरी त्याच्या नकला पॅरिसला सुखरूप राहिल्या. त्या आणि वाचलेले मूळ कागद मिळून पाच हजारांवर दस्त १८७६ ते १९०३ या काळात सहा खंडांत छापले गेले. दहाव्या-अकराव्या शतकातल्या बर्गंडीतला कुठला शेतकरी कुठलं वावर कुणाला देतोय, हे आज इतकं बारीक कळतं ते त्या वकिलाच्या चिकाटीमुळे.

क्लूनीचा पंथ म्हणून वारसा मात्र दुसरीकडे गेला. १८३३ मध्ये प्रोस्पेर गेरांजे याने सोलेम इथे बेनेडिक्टीन जीवन पुन्हा सुरू केलं आणि १८३७ मध्ये पोपने त्या मंडळाला क्लूनीचा वारस म्हणून मान्यता दिली. सोलेमच्या शाखेतला ब्रिटनीचा एक मठ म्हणजे केर्गोनां. तिथला आंरी ल सो १९४८ मध्ये भारतात आला, तमिळनाडूत कावेरीकाठी १९५० मध्ये शांतिवनम आश्रम काढणाऱ्या दोघांपैकी एक झाला, अभिषिक्तानंद हे नाव घेऊन भगवी वस्त्रं ल्याला आणि १९७३ मध्ये इंदूरला वारला.

आता तुमच्या प्रवासाचं. माझा आग्रह आहे की क्लूनीला थेट जाऊ नका. आधी पारे-ल-मोनियालला जा. तिथलं चर्च त्याच परंपरेतलं, क्लूनीच्या आराखड्याचं लहान रूप आहे आणि ते धडधाकट उभं आहे. आत तासभर बसा, वर छताकडे बघा, मनात ते तीनपट लांब करा. मग क्लूनीला या. नाहीतर क्लूनीत तुम्हाला फक्त एक उंच, एकटी भिंत दिसेल आणि तिकिटाचे पैसे वाया गेल्यासारखं वाटेल.

क्लूनीत चर्चचा दहावा हिस्साही उरलेला नाही. उरली आहे ती मोठ्या आडव्या भुजेची दक्षिण बाजू आणि तिच्यावरचा अष्टकोनी मनोरा, ज्याला पवित्र पाण्याचा मनोरा म्हणतात. त्या भुजेत शिरून सरळ वर पाहा. बाहेरून जी उंची कळत नाही ती आत मानेला कळते. हा फक्त एका बाजूचा तुकडा आहे, हे स्वतःला बजावत राहा. पश्चिमेला दर्शनी बुरुजांचे बुंधे आणि खणून उघडे केलेले खांबांचे पाये दिसतील. तिथून पायी अष्टकोनी मनोऱ्यापर्यंत चालत जा, घाई न करता. चर्चची लांबी पायांनी मोजल्याशिवाय समजत नाही.

मग तेराव्या शतकातल्या पिठाच्या कोठारात जा. वरच्या मजल्यावर उलट्या ठेवलेल्या होडीसारखं लाकडी छत आहे आणि त्याखाली वेदीभोवतीच्या खांबांची आठ शिल्पित शीर्षं मांडली आहेत. त्यातल्या दोनांवर मठगायनाचे आठ स्वरप्रकार माणसांच्या रूपात कोरलेत. कुणी तंतुवाद्य छेडतोय, कुणी घंटा लावलेली काठी खांद्यावर घेतलीय. ज्यांनी दिवसभर गायलं त्यांनी गाण्यालाच देह दिला. चेहरे झिजलेत, झुकलेल्या पाठी अजून बोलतात.

चर्च कसं होतं हे आज एवढ्या नेमकेपणाने सांगता येतं ते मुख्यतः केनेथ कोनंट या अमेरिकन वास्तुइतिहासकारामुळे. १९२८ ते १९५० या काळात, मधली महायुद्धाची वर्षं सोडून, त्याने इथे उत्खनन केलं. त्याच्या काही आकड्यांवर पुढच्या संशोधकांनी दुरुस्त्या केल्या, पण पाया त्याचाच. आणि मठवाशांनी अठराव्या शतकात बांधलेली ती नवी इमारत? तिच्यात १९०१ पासून कलाकौशल्य आणि अभियांत्रिकी शिकवणारी सरकारी संस्था आहे. तिथल्याच विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकात संगणकावर पाडलेलं चर्च पुन्हा उभं करून दाखवलं.

वेळ उरला तर दहा-बारा किलोमीटरवर बेर्झे-ला-व्हीलचं छोटं प्रार्थनाघर चुकवू नका, तिथली भिंतीवरची रंगचित्रं क्लूनीच्या मठवाशांसाठी रंगवलेली. मूळ चर्चच्या भिंतींवर काय रंग असतील याचा अंदाज तिथेच येतो. संध्याकाळी क्लूनी गावात नुसतं भटका. घरांच्या कोपऱ्यांना लावलेला एखादा घडीव, गरजेपेक्षा फार नीट घासलेला चिरा दिसला, तर तो कुठून आला असेल ते आता तुम्हाला माहीत आहे.